वाईन म्हणजे दारू नव्हे म्हणे!

मी बँकेत कारकून आहे. वीस वर्षं झाली, खुर्ची बदलली नाही. फक्त तिच्यावरचा टॉवेल तीनदा बदलला, तोही आमच्या सोलापूरचाच. बँकेत इतकी वर्षं काढली की माणसाला एक वाईट खोड लागते. त्याला एका गोष्टीला एकच नाव लागतं. नावे ते नावे, जमा ते जमा. एखादा खातेदार खिडकीशी येऊन "साहेब, माझं कर्ज थकलेलं नाही हो, जरा दमलंय," असं कितीही गोड आवाजात म्हणाला, तरी आमचा संगणक विरघळत नाही.

असा मी. आणि माझ्या कानावर ते वाक्य आलं.

तारीख २७ जानेवारी २०२२. राज्याच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की, किमान एक हजार चौरस फुटांच्या किराणा-सुपरमार्केटात निराळं कपाट ठेवून वाईन विकायला हरकत नाही. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आत महाराष्ट्रात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, संस्कृती बुडाली. दुसरा म्हणाला, छे हो, वाईन म्हणजे दारू नव्हे! आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याने मात्र कुठलाच पक्ष न घेता संध्याकाळी आपलं दुकान पावलांनी मोजलं. साडेतीनशे चौरस फूट भरलं. ओट्यावरची शेंगदाण्याची पोती धरून चारशे. तो म्हणाला, "जाऊ द्या, आपली शेंगाचटणीच बरी."

पुढे विरोध झाला, उपोषणाचे इशारे झाले, सरकार बदललं आणि तो निर्णय कागदावरच राहिला. पण वाक्य राहिलं ना! निर्णय विरतात, वाक्यं विरत नाहीत. तेव्हापासून लग्नात, मुंजीत, बँकेच्या जिन्यात, कुठेही विषय निघाला की कोणीतरी डोळे अर्धे मिटून सांगतोच, "वाईन म्हणजे दारू नव्हे." माझं भांडण वाईनशी नाही. वाईनवाल्यांशीही नाही. माझं भांडण आहे ते या चार शब्दांशी.

भांडायचं तर वस्तू पाहिली पाहिजे, ही संधी मला गेल्या वर्षी जानेवारीत मिळाली. आमच्या शाखेची सहल नाशिकला निघाली. शाखाधिकारी साहेबांनी छापील कार्यक्रम काढला: सकाळी पंचवटी, दुपारी त्र्यंबकेश्वर, सायंकाळी 'तलाव पाहणे'. हा तलाव म्हणजे गंगापूर धरण. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी थोडी खाली आल्यावर मातीच्या धरणाने अडवली आहे. पाणी असं पसरलेलं, पलीकडे टेकड्या, अलीकडे रांगेत द्राक्षाच्या वेली, आणि त्या वेलींच्या मध्ये वाईनरी. कार्यक्रमात 'तलाव' का लिहिलं होतं, ते तिथे गेल्यावर समजलं. घरी दाखवायला एक कागद लागतोच.

आता तलाव काही आम्ही पाहिलेला नाही असं नाही. आमच्या गावाच्या ऐन मध्यभागी सिद्धेश्वराचं तळं आहे. पण आमच्या तळ्याकाठी भेळ खातात, आणि भेळवाला भेळ हातात देऊन आपल्या वाटेने जातो. नाशिकच्या या तळ्याकाठी आधी वास घ्यायला शिकवतात. एक तरतरीत मुलगी आली. तिने आम्हा अकरा जणांना अकरा पेले दिले आणि प्रत्येकाच्या पेल्यात तळाला ओलावा दिसेल इतकी पांढरी वाईन ओतली. म्हणाली, "पेला गोल फिरवा. हा सोव्हिन्यॉं ब्लॉं आहे. यात तुम्हाला पेरू आणि हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येईल." आमचे हेडकॅशियर, ज्यांना पाचशेच्या बंडलातली खोटी नोट नुसत्या बोटाला कळते, त्यांनी पाच मिनिटं नाक खुपसून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मला द्राक्षाचा येतोय." ती म्हणाली, "सर, हरकत नाही." तिच्या आवाजात अशी काही करुणा होती, की जणू हेडकॅशियर विभागीय परीक्षेत नापास झाले आहेत.

पण त्या मुलीने जे सांगितलं, ते मी मन लावून ऐकलं, आणि खरंच सांगतो, ऐकण्यासारखं होतं. काळ्या द्राक्षाचा रस बहुधा काळा नसतोच! गर फिकाच. रंग असतो सालीत. रस साली-बियांसकट आंबवला की साल आपला रंग आणि तुरटपणा त्यात सोडते, ती तांबडी वाईन. द्राक्षं आधीच दाबून रस बाजूला काढला आणि थंडाईत सावकाश आंबवला, की पांढरी. म्हणजे मनात आणलं तर काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाईन निघते. आंबवताना द्राक्षातली साखर खाऊन खमीर तिचा अल्कोहोल करतं. म्हणून इतक्या गोड द्राक्षाची वाईन चाखताना गोड लागत नाही. हेडकॅशियरांची तक्रार त्यामुळे निकालात निघाली. ते मघापासून "साखर कमी आहे" म्हणत होते.

युरोपात द्राक्षाची तोडणी उन्हाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे ती जानेवारी ते मार्च. वेल वर्षातून दोनदा छाटायची: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळासाठी. मग घड थंडीत पिकतात आणि नाशिकच्या पठारावरच्या गार रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवतात. हा उद्योग काही आकाशातून पडलेला नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने फेसाळती वाईन काढली आणि ती परदेशी पाठवून दाखवली. मग अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूरजवळच्या घरच्या जमिनीवर द्राक्षं लावली, २००० साली पहिली वाईन बाजारात आणली आणि तिला आपल्या आईच्या, सुलभाच्या, नावावरून 'सुला' म्हटलं. २००१ साली राज्याने वाईनसाठी खास धोरण काढलं, उत्पादन शुल्क माफ केलं. आज 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही आहे, आमच्या सोलापुरी चादरीला आहे तसंच. आता सांगा, इतका खटाटोप करणाऱ्याबद्दल मी वाईट का बोलेन?

फक्त एका जागी मी हात वर केला. ती म्हणाली, "पांढरी वाईन गार करून घ्यायची, तांबडी खोलीच्या तपमानाला." मी विचारलं, "कुणाच्या खोलीच्या?" कारण आमच्या सोलापुरात मे महिन्यात खोलीचं तपमान म्हणजे बेचाळीस. त्या तपमानाला वाईन काय, माणूससुद्धा आंबतो.

सगळं असं खेळीमेळीत चाललं होतं आणि शेवटी, पेले गोळा करता करता, त्या गुणी मुलीने ते वाक्य उच्चारलं. "आणि सर, लक्षात ठेवा, वाईन म्हणजे दारू नव्हे."

हेडकॅशियरांचा चेहरा उजळला. इतका वेळ ते घरी काय सांगायचं या विवंचनेत होते. त्यांनी ताबडतोब एक तांबडी बाटली घेतली. त्यांच्या मागे मीही घेतली. बँकेत एकाने सही केली की दुसरा करतोच. आणि गल्ल्यावरच्या माणसाने बिलाबरोबर दुसरा एक कागद पुढे सरकवला. एक दिवसाचा मद्य परवाना! १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यात अजून जागा आहे आणि त्या कायद्याने पिणाऱ्याजवळ परवाना लागतो. मी त्याला विचारलं, "दारू नव्हे, तर परवाना कशाचा?" तो म्हणाला, "सर, नियम आहे." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला माझंच वाक्य ऐकवलं.

परतीच्या गाडीत सगळे झोपले. मी त्या परवान्याच्या पाठीवर हिशेब मांडला. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. दुसरं काही येत नसलं तरी टक्केवारी येते. बाटली साडेसातशे मिलिलिटरची. तिच्यावर छापलेलं, अल्कोहोल १३ टक्के. म्हणजे आत निव्वळ अल्कोहोल साडेसत्त्याण्णव मिलिलिटर. आता आमच्या गावात ज्याला सर्वजण बिनदिक्कत दारू म्हणतात, ती व्हिस्कीची क्वार्टर घ्या. १८० मिलिलिटर, ४२.८ टक्के. अल्कोहोल सत्त्याहत्तर मिलिलिटर. दोनदा मांडला, उत्तर तेच. तळ्याकाठच्या त्या सभ्य, लांब मानेच्या, बुचाच्या बाटलीत क्वार्टरपेक्षा वीस मिलिलिटर जास्तच! एक पेला, दीडशे मिलिलिटरचा, धरला तर साडेएकोणीस; तीसच्या छोट्या पेगात जवळजवळ तेरा. म्हणजे एक पेला वाईन बरोबर दीड छोटा पेग. जमाखर्च जुळला, मंडळी. दारू नव्हे ती ही!

तुम्ही म्हणाल, अहो, वाईन जेवताना, सावकाश पितात. मान्य. क्वार्टर दुकानामागच्या भिंतीशी उभ्याने संपते, वाईनला टेबल लागतं. पण सावकाश काढलेलं कर्ज कर्जच असतं.

दुसरा बचाव शेतकऱ्याचा. वाईन विकली की द्राक्षबागायतदार तरेल! हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं, कारण मी पीककर्जाच्या टेबलावर बसतो. आमच्या जिल्ह्यात द्राक्षं काही थोडी नाहीत. सोनाका हे वाण तर इथल्याच नान्नजच्या काळे यांच्या मळ्यातलं. थॉमसन, माणिक चमन, तास-ए-गणेश अशी नावं मला माझ्या चुलतभावांच्या नावांपेक्षा जास्त पाठ आहेत. पण ही सारी खायची द्राक्षं: मोठी, पातळ सालीची, गोड आणि बिनबियांची. वाईनला लागतं बारीक, जाड सालीचं, बियांचं फळ: शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लॉं. ती लावायची आधी करार करून. ज्यांचा करार आहे त्यांना पैसा मिळतो, आणि मिळावाच. पण राज्यातली बहुतेक द्राक्षं खायला आणि बेदाण्याला जातात. वाईनकडे जातो तो अगदी छोटा वाटा.

दोन वर्षांपूर्वी अवकाळी पाऊस झाला. पंढरपूर तालुक्यातला एक बागायतदार माझ्यासमोर बसला होता. मणी तडकले होते, व्यापारी सौदा मोडून गेला होता. मी सहज, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून, म्हटलं, "वाईनवाले नाहीत का हो घेत?" तो हसला. म्हणाला, "साहेब, त्यांना बियांची लागत्यात. आमी बिनबियांची लावून बसलोय की." मग त्याने पुनर्गठनाचा अर्ज भरला. मी शिक्का मारला. त्या माणसाला विमा वेळेवर हवा होता, शीतगृह हवं होतं, बेदाण्याला भाव हवा होता. सुपरमार्केटातलं कपाट त्याने मागितलं नव्हतं. त्याच्या नावाने दुसऱ्याच कोणीतरी मागितलं होतं. बँकेत अशा व्यवहाराला बेनामी म्हणतात.

तिसरा बचाव हृदयाचा. १९९१ साली अमेरिकेतल्या दूरदर्शनवर सांगितलं गेलं की फ्रेंच लोक लोणी खाऊनही ठणठणीत राहतात ते तांबड्या वाईनमुळे. तेव्हापासून जगातले अनेक लोक केवळ हृदयाच्या काळजीने पिऊ लागले. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगून टाकलं की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण प्रकृतीला सुरक्षित नाही. हे मी हेडकॅशियरांना सांगितलं. ते म्हणाले, "ते अल्कोहोलचं झालं. वाईनचं काय?"

एवढं ऐकून संस्कृती बुडाली म्हणणारे टाळ्या वाजवत असतील, तर त्यांनी जरा थांबावं. तुमच्याकडेही येतोय. मॉलमधल्या काचेच्या कपाटासाठी तुम्ही आठ दिवस गर्जना केलीत. पण आमच्या जिल्ह्यात हातभट्टी पिढ्यान्‌पिढ्या गळत होती, तेव्हा तुमचा घसा कुठे बसला होता? २०२१ साली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' काढलं, भट्ट्या मोडल्याच, आणि त्या लोकांना दुसरा धंदा मिळावा म्हणून खटपट केली. त्या वेळी या संस्कृतिरक्षकांतले किती जण मदतीला गेले, ते मी मोजलं आहे. आमच्या गल्लीतून एकही नाही, आणि त्या एकही-नाहीत मीसुद्धा आहे.

आणि अभिमानाचं म्हणाल तर तोही आम्हाला नीट करता येत नाही. आमच्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला, इटलीतले दोघे भाऊ, दिल्लीचे दोघे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून वाईनरी काढली. तिचं नाव 'फ्रातेल्ली', इटालियनमध्ये 'भाऊ'. तीन घरचे भाऊ एकत्र येऊन धंदा करतात आणि अजून बोलतात, एवढ्यावरच आमच्या तालुका न्यायालयांनी त्यांचा सत्कार करायला हवा! उसाच्या मुलखात, जिथे पूर्वी माळ होता, तिथे टस्कनीचं सांजोव्हेसे वाण पिकतं. ही करामत आहे. करामतीला करामत म्हणायला लाज कसली? पण ती म्हणण्यासाठी 'ही दारू नव्हे' असं आधी खोटं का बोलावं लागतं?

राहिली माझी बाटली. घरी आणल्यावर सौ.ने ती गॅसच्या टाकीमागे ठेवली. माझा युक्तिवाद तयार होता, पण तिने तो विचारलाच नाही. "आधी अक्कांना दाखवून या," एवढंच म्हणाली.

अक्का म्हणजे आमच्या शेजारच्या. मी चड्डीत असल्यापासून त्यांच्या ओसरीवर विड्यांचं सूप पाहतो आहे. नवरा गिरणीत होता. पगाराच्या दिवशी अक्का गिरणीच्या फाटकाशी उभ्या असत, मला कडेवर घेऊन. पोर बरोबर असलं की फाटकावरचे लोक शिव्या कमी देतात म्हणून. पुढे गिरणी बंद झाली. पगार थांबला, नवऱ्याचं पिणं थांबलं नाही. मग एके दिवशी तोच थांबला. आता सत्तरी उलटली, बोटं अजून चालतात.

मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, "अक्का, ही वाईन. नाशिकची. लोक म्हणतात, ही दारू नव्हे."

अक्कांनी सूप बाजूला केलं. हात पदराला पुसले. मी बूच काढलं, त्यांनी नाकाशी धरली. पेला फिरवायला कोणी शिकवलं नव्हतं, पण वास मात्र बराच वेळ घेतला.

"वास चांगला आहे की रे," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या तोंडाला असा कधी आला नाही. केवढ्याला?"

"नऊशे."

अक्कांनी बोटांवर काहीतरी मोजलं. विड्या हजारात मोजतात. त्यांना वेळ लागला. मग बाटली माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "मग दारूच की. हिच्यातबी पगार जातोयच की रे. पी, तुला सोसतंय तर. पण बायकोला खोटं सांगू नको."

हेच मी दोन हजार शब्दांत सांगत होतो. खुशाल पिकवा, खुशाल गाळा, तांबडी करा, पांढरी करा, तळ्याकाठी बसून सूर्यास्त पाहत प्या. किराणाच्या कपाटात ठेवायची की नाही, याचा वाद जरूर घाला, पण तिचं खरं नाव घेऊन घाला. जी दारू आहे तिला दारू म्हटलं, म्हणजे मग ती किती, कुणी, केव्हा, कुणाच्या पैशाने, हे प्रश्न विचारता येतात. 'नव्हे' म्हटलं की प्रश्नच संपले. आणि फाटकाशी उभ्या राहिलेल्या बाईला विचारायला काही उरतच नाही.

बाटलीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. एका रविवारी मी सौ.ला स्वच्छ सांगितलं, "मी दारू पिणार आहे, दीड छोटा पेग." ती म्हणाली, "बरं." कडक भाकरी, शेंगाचटणी आणि एक पेला, खोलीच्या तपमानाला. ढोबळी मिरचीचा वास मला काही आला नाही. पण तो पांढरीत असतो म्हणे. तांबडीत मिऱ्याचा येतो. तो मात्र आला, की चटणीतल्या तिखटाचा होता, ते खरं नाव घेऊन सांगता येत नाही.